व्हर्नाचं हरीण

व्हर्ना कॉन्फरच्या कोटाचं बटण लावायला कुणी पुढे झालं, की ती फक्त एवढंच विचारते, "मी बोलावलं का तुला?" आवाज चढवत नाही. पण समोरच्याचा हात आपोआप खाली येतो. माझाही आलाय, एकदा नाही, बऱ्याचदा. मी काही शहाणपण लवकर शिकणाऱ्यातला नाही.

तिचा हा आवाज आमच्या घळीत सगळ्यांच्या ओळखीचा. शाळेची बस ती चालवायची. बर्फ असो, धुकं असो, डोंगरातल्या त्या नागमोडी रस्त्यावरून तिने आधी आमची पोरं शाळेत पोचवली आणि मग त्या पोरांची पोरं. मागच्या बाकावर कुणी खोडी काढली तर ती आरशात नुसती बघायची. आज जे बाप्ये दाढ्या वाढवून लाकडाचे ट्रक हाकतात, ते तिच्यासमोर अजून टोपी काढतात. तिच्या बापाने बांधलेला शिकारीचा कॅम्प वर बेकच्या घळीत आहे. लाकडी भिंती, एक मोठी शेगडी, भिंतीला लागून फळ्यांचे पलंग. हरणांचा मोसम सुरू झाला की आम्ही सगळे तिथे राहायला जातो. कॅम्पचा कारभारी तिचा धाकटा भाऊ ल्यूथर. आणि आचारी मी, मर्ल. माझे गुडघे गेल्यापासून मी हरणं मारत नाही, फक्त शिजवतो. आणि तोंड चालवतो.

पानं पिवळी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी लाकडं आणायला म्हणून व्हर्ना अंगणात गेली आणि तिथेच कोसळली. ल्यूथर काहीतरी परत द्यायला म्हणून तिच्याकडे गेला होता, त्याला ती लाकडांच्या ढिगापाशी सापडली. इस्पितळातून परत आली तेव्हा डावा हात नुसता लोंबत होता आणि डावा पाय ओढत चालावं लागत होतं. बसची नोकरी गेली. आम्हाला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्या वाईट वाटण्याचा आम्ही सगळ्यांनी मिळून तिला फार जाच केला. कुणी तिचं मांस कापून द्यायचं, कुणी तिच्या बुटाची नाडी बांधायचं, कुणी तिचं वाक्य पुरं करायचं. ती गप्प राहायची. मी ओळखायला हवं होतं, व्हर्ना गप्प बसते तेव्हा ती रस्ता बघत असते.

त्या वर्षीही ती कॅम्पला आली. ल्यूथर तिच्याशेजारी बसला, फांदीच्या बेचक्यात रायफल टेकवून दिली, खांद्याला लावून धरली. व्हर्नाने फक्त चाप ओढला. हरीण शेपटी वर करून निघून गेलं.

आता आमच्याकडे ज्याची गोळी चुकते, त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कात्रीने कापतात आणि नाव घालून भिंतीवर ठोकतात. माझे चार आहेत तिथे. ल्यूथरचे तर एवढे आहेत, की त्यांची गोधडी होईल. कापताना आरडाओरडा, शिव्या, बिअरचे डबे, सगळं असतं. त्या रात्री जेवण झालं तरी कुणी उठेना. कात्री कुणी मागेना.

व्हर्नाने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. "काय रे? आज कापाकापी नाही?"

ल्यूथर ताटात बघत म्हणाला, "जाऊ दे गं. तुझा काय दोष त्यात."

मला वाटतं, अर्धांगाचा झटका आला त्या दिवसापेक्षा तिला हे वाक्य जास्त लागलं. ती उठली, माझ्या खणातून कोंबडी कापायची कात्री काढली, शर्टाचं टोक दातात धरलं आणि कराकरा कापलं. खिळा आणि हातोडी एका हाताने कशी धरणार? तिने टेबलावरचा काटा उचलला आणि तो तुकडा काट्यासकट भिंतीच्या लाकडात खुपसला. कुणी हसलं नाही. ती पुढे त्याच कापलेल्या शर्टात दोन आठवडे हिंडली.

घरी जाताना गाडीत मला म्हणाली, "मर्ल, रायफलीला दोन हात लागतात."

"लागतात खरे."

"मग एका हाताचं काय असतं ते बघते."

म्हणजे रिव्हॉल्व्हर. आमच्याकडे तशी शिकार करणारे थोडे आहेत, पण आहेत. मात्र ते दोन्ही हातांनी धरतात, वर दुर्बीण लावतात आणि तरीही गोळी चुकली की वाऱ्याला दोष देतात. व्हर्नाने गावातल्या बंदूकवाल्याकडून आधी भलंमोठं धूड आणलं. पहिल्याच गोळीला ते उसळून तिच्या कपाळावर आपटलं. टेंगूळ आलं चांगलं लिंबाएवढं.

मी म्हटलं, "अगं, हरणाच्या आधी स्वतःलाच लोळवशील."

"हरीण निदान बडबड तरी करत नाही," ती म्हणाली आणि ते परत करून हलकं घेऊन आली.

हिवाळाभर तिचा एकच उद्योग. रिकामं रिव्हॉल्व्हर घेऊन टीव्हीसमोर बसायचं, उजवा गुडघा वर घ्यायचा, मनगट त्याच्यावर टेकवायचं, अंगठ्याने घोडा मागे ओढायचा आणि हवामान सांगणाऱ्या माणसाच्या टायवर नेम धरून चाप ओढायचा. खट्. पुन्हा घोडा मागे. खट्. तो बिचारा रोज बर्फाचा इशारा द्यायचा आणि रोज मरायचा. चाप ओढताना नळीचं टोक जरासुद्धा हलता कामा नये, हे तिचं वेड. अंगठ्याची कातडी फाटली, त्यावर घट्टा आला, तो फाटला, पुन्हा आला. गोळ्या भरायच्या तर ती रिव्हॉल्व्हर दोन गुडघ्यांत धरायची. एकदा मी न राहवून हात पुढे केला. तिने वर बघितलं. मी तोच हात डोकं खाजवायला नेला.

बर्फ वितळल्यावर ती कोठारामागे जाऊन बार काढायला लागली. रिव्हॉल्व्हरवाल्यांची एक रीत आहे. झाडाला कागदी ताटली लावायची. जितक्या अंतरावरून सगळ्या गोळ्या ताटलीत बसतील, तितकं तुमचं अंतर. एक जरी बाहेर गेली तरी पुढे यायचं. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं त्या ताटलीएवढीच जागा घेतात, आणि जखमी करून सोडलेलं हरीण म्हणजे आमच्याकडे तोंड लपवायची गोष्ट. आधी ताटल्या कोऱ्याच्या कोऱ्या राहायच्या. कॅम्पसाठी आणलेल्या माझ्या ताटल्या तिने उन्हाळ्यात संपवल्या आणि मक्याला कणसं धरली तेव्हा एक चाळण झालेली ताटली आणून माझ्या दाराला लावली.

"पंचवीस पावलं," ती म्हणाली. "त्याच्या पुढचं हरीण माझं नाही."

पंचवीस पावलं म्हणजे काहीच नाही. रायफलवाला तेवढ्या अंतरावर थुंकतो. तेवढ्यावर रानातलं हरीण येऊ द्यायचं तर दगड होऊन बसावं लागतं.

ल्यूथरला यातलं काहीच पसंत नव्हतं. तो वाईट माणूस नाही. पण लाकडांच्या ढिगापाशी पडलेली बहीण त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. कॅम्पला निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्यासमोर तिला म्हणाला, "एकटी जायचं म्हणतेस, जा. पण तुला झेपत नाही असं मला दिसलं, तर पुढे दरवर्षी मी तुझ्याशेजारी बसणार. बंदूक माझ्याकडे. कबूल?"

"कबूल," व्हर्ना म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की मलाच धडकी भरली. कारण त्याच्या शेजारी बसून हरीण मारणं म्हणजे बसच्या मागच्या बाकावर बसून बस चालवणं. त्यापेक्षा ती कॅम्प सोडून देईल हे मला ठाऊक होतं. ल्यूथरला ठाऊक नव्हतं.

मोसमाच्या पहिल्या दिवशी ती अंधारात निघाली. अंगात नारिंगी जाकीट, छातीवर पट्ट्याने बांधलेल्या चामडी म्यानात रिव्हॉल्व्हर, उजव्या हातात काठी. तिची जागा म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाला एक म्हातारं हेमलॉकचं झाड. त्याच्या बुंध्याला पाठ लावून ती बसायची. चारी बाजूंनी पंचवीस पावलांवर फांद्यांना नारिंगी रिबिनी बांधून ठेवल्या होत्या तिने, तोंडाने गाठी मारून.

ल्यूथर समोरच्या डोंगराच्या धारेवर बसला होता. हरणं बघायला बसलो होतो, असं तो सांगतो. दुर्बिणीतून तो कुणाला बघत होता ते मला विचारू नका. सकाळी उशिरा व्हर्नासमोर एक नर आला. मान जाड, शिंगांचं जाळं असं, की ल्यूथरला दम लागला म्हणे. तो उभा राहिला, बाजू देऊन, अगदी निवांत. व्हर्नाने रिव्हॉल्व्हर काढलं, गुडघ्यावर मनगट टेकवलं आणि तशीच राहिली. बराच वेळ. मग खाली घेतलं. नर चरत चरत निघून गेला.

रात्री मी मक्याचं आणि कोंबडीचं घट्ट कालवण वाढत होतो, तेव्हा ल्यूथरने विषय काढला. सगळ्यांसमोर. तेही मला आवडलं नाही.

त्याचा जावई ब्रेट, तोंडात घास ठेवून, म्हणाला, "आत्या, एवढं मोठं जनावर! मारायचं नव्हतं तर मला तरी हाक मारायची."

"रिबिनीच्या पलीकडे होता," व्हर्ना म्हणाली.

"किती पलीकडे?"

"पलीकडे."

"अहो, दोन पावलं इकडेतिकडे कोण मोजतंय?"

"मी मोजते. म्हणून माझं भिंतीवर एकच फडकं आहे. तुझी किती आहेत रे?"

सगळे हसले. ब्रेटचे कान लाल झाले. पण ल्यूथर हसला नाही. त्याने चमचा खाली ठेवला. "व्हर्ना, तुझा हात चालत नव्हता. मी बघितलं. त्यात लाज कसली? उद्यापासून मी येतो शेजारी."

"तू शेजारी बसलास तर एक हरीण फिरकणार नाही. तुझा श्वास खाली गावात ऐकू जातो."

"मी चेष्टा करत नाही."

"मीही नाही." तिने भावाकडे सरळ बघितलं. "मला उद्याचा दिवस दे. अंधार पडेपर्यंत. मग तुला हवं ते कर."

ल्यूथर माझ्याकडे बघायला लागला, जणू कारभारी मी आहे. मी म्हटलं, "दे की. उद्या मला कांदे सोलायला माणूस हवाच आहे. तू थांब इथे."

रात्रीत बर्फ पडलं. सकाळी व्हर्नाने कुट्टूच्या पिठाची धिरडी मेपलच्या पाकात बुडवून खाल्ली आणि ती निघाली. ल्यूथर खरंच थांबला. त्याने सोललेले कांदे मी नंतर कचऱ्यातून शोधून काढले, साली पातेल्यात होत्या. दुपारपर्यंत तो शेगडीत एवढी लाकडं घालत बसला, की आम्ही दोघंही घामाघूम झालो. मी त्याला बडबडून रिझवत होतो, पण माझंही लक्ष खिडकीकडेच होतं. मला ते हरीण तिच्यापेक्षा जास्त हवं होतं असं वाटायला लागलं.

ऊन कलायला लागलं आणि बार ऐकू आला. रायफलीचा बार घळीत घुमत राहतो. हा कोरडा आणि आखूड होता. एकच.

आम्ही दोघं दाराबाहेर. पुढची सगळी गोष्ट आमच्या कॅम्पच्या एका नियमावर आहे, तेव्हा तो सांगतो. बार झाल्यावर शिकाऱ्याने हाक मारल्याशिवाय कुणी त्याच्याकडे जायचं नाही. घाईने गेलं तर जखमी हरीण उठून पळतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे, न बोलावता गेलेल्या माणसाने हात लावला, की ते हरीण कुणाचं यावरून भांडणं लागतात. व्हर्नाच्या बापाच्या काळात एकदा मारामारी झाली होती म्हणे. तेव्हापासून हा नियम. हरीण मिळालं आणि मदत हवी असली, की लांबलचक 'हूऽऽप' अशी हाक. हाक आली की सगळ्यांनी हातातलं टाकून जायचं. नाही आली, तर नाही जायचं.

हाक आली नाही.

"चुकली असेल," मी म्हटलं. "दुसऱ्याची वाट बघत बसली असेल."

ल्यूथर कोट चढवत होता. "मर्ल, ती पडली असेल तिथे."

"हरीण पडलं असेल."

"मग हाक का नाही मारत?"

तरी मी त्याला पायरीवर बसवलं. सावली अंगण ओलांडून लाकडांच्या खोपीवर चढली, तेव्हा तो उठला आणि चालायला लागला. मी माझ्या गुडघ्यांना शिव्या घालत मागे.

तिची वाट बर्फात स्वच्छ दिसत होती. एक पाऊल, एक ओढल्याची रेघ, काठीचं भोक. हेमलॉकपाशी ती बसली होती तेवढी जागा बर्फातून मोकळी झाली होती. ल्यूथर पुढे गेला आणि थांबला. हरणाचे खूर रिबिनीच्या आत आले होते, चांगले आत. तिथे रक्त होतं, फेसाळ, फुप्फुसातलं. गोळी बसली होती जिथे बसायला हवी तिथे.

मी म्हटलं, "ताटली."

रक्ताची वाट खाली ओढ्याकडे उतरत होती, उभ्या उतारावरून, दाट झुडपांतून. व्हर्नाच्या पावलांची वाट त्या रक्तामागोमाग. एका जागी आख्खं माणूस पडल्याची खूण होती, हातापायांसकट, आणि तिथून खाली घसरल्याची. ल्यूथरचा चेहरा मी बघितला आणि पुन्हा बघितला नाही. खूण संपली तिथे काठीचं भोक होतं. पुढे पुन्हा पाऊल, रेघ, भोक.

वळणावर आम्हाला ती दिसली.

ओढ्याकाठी हरिणीचं पोट साफ केलेलं होतं. आतडी एका बाजूला, मागचा एक पाय रोपट्याला बांधून ताणला होता ती दोरी अजून तिथेच लोंबत होती. हरिणीच्या कानाला परवान्याची चिठ्ठी. गळ्यात दुसरी दोरी, आणि त्या दोरीचं टोक व्हर्नाच्या कमरेला. ती आमच्याकडे पाठ करून बर्फात बसली होती आणि चढाकडे मागे मागे सरकत होती. चांगला पाय रोवायचा, ढकलायचं, वीतभर वर यायचं, थांबायचं. मग पुन्हा पाय रोवायचा. हात कोपरापर्यंत लाल, डोक्यावर टोपी नाही, केसांतून वाफ निघत होती. ओढ्यापासून तिथवर तिने हरीण किती आणलं होतं? माझ्या अंगणाएवढं. वर अजून सगळा डोंगर बाकी होता.

ल्यूथरच्या बुटाखाली फांदी मोडली. तिने मान वळवली.

"मी बोलावलं का?"

ल्यूथरने तोंड उघडलं. मला वाटलं आता हा फुटणार. कॅम्पचा कारभारी आहे, भाऊ आहे, आणि दुपारभर जिवंतपणी मेलाय. तो ओरडला असता तर मीही त्याचीच बाजू घेतली असती.

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

ओढ्याचं पाणी वाजत होतं. ल्यूथर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने माझी बाही धरली आणि मला वळवलं. आम्ही आलो तसे वर गेलो, वळणापलीकडे, खडकाच्या मागे, जिथून ती दिसत नव्हती. तिथे तो उभा राहिला, खडकाला पाठ लावून. डोळे पुसले. म्हणाला, "वारा फार आहे." वारा अजिबात नव्हता.

खालून आवाज येत होता. घसटल्याचा. मग काही नाही. मग घसटल्याचा. मधली शांतता लांबायला लागली. झाडांखाली अंधारायला लागलं. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, रागाने. कसला हट्ट हा? कुणाला काय दाखवायचं राहिलंय?

"बास झालं," मी म्हटलं. "मी आणतो तिला."

ल्यूथरने मला कॉलरला धरून मागे ओढलं. "हाक नाही आली अजून," तो म्हणाला.

आम्ही उभे राहिलो. एकदा घसटल्याचा आवाज आला, अगदी थोडा. मग बराच वेळ नुसता ओढा. ल्यूथरची बोटं माझ्या कॉलरमध्ये तशीच होती, ती आवळत चालली होती.

आणि मग घळ भरून ती हाक आली. शाळेची बस चुकवणाऱ्या पोराला डोंगराच्या दोन वळणांवरून ऐकू जायचा तोच आवाज.

"हूऽऽऽप!"

मी धावणार होतो. ल्यूथर धावला नाही. त्याने टोपी सारखी केली, कोटावरचं बर्फ झटकलं आणि कॅम्पवरून आत्ताच निघून आल्यासारखा वळणावरून खाली गेला. लांबूनच ओरडून विचारलं, "काय गं, मिळालं का काही?"

"एक मादी," व्हर्ना म्हणाली. तिला धाप लागली होती. "जड आहे रे. ये, दोरी धर."

तो खाली बसला आणि तिच्या कमरेची गाठ सोडायला हात पुढे नेला. मग हात तिथेच थांबवून म्हणाला, "सोडू?"

"सोड," ती म्हणाली.